देठाकडची चकती

दुधी हातात घेतला की मला अजूनही भीती वाटते. सांगितलं की लोक हसतात. सापाला घाबरावं, विंचवाला घाबरावं, फार तर सासूला घाबरावं. दुधीला कोण घाबरतं? भाज्यांमधली सगळ्यांत गरीब भाजी ती. कशातही घाला, तक्रार नाही. मीही पूर्वी असंच म्हणायचे.

ही गोष्ट माझ्या सासूबाईंची. गल्ली त्यांना कात्रीमावशी म्हणते. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी कापणीच्या टेबलावर उभी हयात काढली. कापडाचे थरावर थर रचायचे, वर खडूनं आखायचं आणि एका दमात शर्टाच्या ढीगभर बाह्या कापायच्या. हात जरासा हलला तर ढीगभर बाह्या वाया. त्यांचा हात हलत नसे. जीभही तशीच, सरळ रेषेत कापणारी. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझा चहा पिऊन त्या म्हणाल्या होत्या, "पाणी छान गरम केलंस हो." तेव्हापासून आमचं जे काही आहे ते चांगलंच आहे, पण गोड आहे असं मी म्हणणार नाही.

नोकरी सुटल्यावर त्या घरामागच्या तुकड्यावर वळल्या. तिथे आधी विटांचे तुकडे, फुटक्या फरशा आणि शेजारपाजारच्यांनी टाकलेला राडारोडा होता. तो त्यांनी घमेल्या-घमेल्यानं उपसला. जुन्या जीन्सचे पाय कापून, खालून शिवून त्यात माती भरली आणि कोथिंबीर, मेथी, ओवा लावला. मोडक्या सिंकमध्ये पुदिना. छपराची काढून टाकलेली पन्हाळी भिंतीला आडवी ठोकून तिच्यात स्ट्रॉबेरी. कोपऱ्यात तुती. शेजारच्या कुंपणाला लागून रासबेरी, तिला काटे इतके की आमचे हे म्हणायचे, "आई, ही बेरी आहे की पोलीसचौकी?" आणि या सगळ्याच्या मधोमध, लोखंडी पाइपांच्या मांडवावर, दुधीचे वेल. दुधीचं बी त्यांच्या आईकडून आलेलं. माहेराहून त्यांनी दुसरं काही आणलं नव्हतं, किंवा आणलं असेल तर ते टिकलं नव्हतं. बी तेवढं टिकलं.

मळ्यातलं घरात पुरून उरायचं, मग गल्लीत वाटायचं. पण एक नियम होता. काकडी, दोडका, दुधी, वेलावरचं काहीही असो, चाखल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जायचं नाही. देठाकडची पातळ चकती कापायची, कच्ची चावायची, क्षणभर थांबायचं आणि मगच म्हणायचं, "ने." त्या चकतीवाचून भाजी मिळाली तर गल्लीतल्या बायका घ्यायच्या नाहीत. देठ कापलेला दुधी म्हणजे मावशींचा दुधी.

"ही कडू चव कारल्याची नव्हे," त्या मला सांगायच्या. "कारलं कडू असतं, दुधी कडू झालेला असतो. तो पोटात गेला तर माणूस जातो. कडू लागला की थुंकायचं. शिजवून बघते, साखर घालून बघते, असले शहाणपणाचे धंदे करायचे नाहीत."

बी धरण्याचाही त्यांचा कायदा होता. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्यावर पतंग येतात. ते कुठल्या वेलावरून कुठे जातात त्याचा नेम नाही. म्हणून ज्या फुलाचं बी धरायचं त्याला सासूबाई आधीच मलमलीची पिशवी घालायच्या. स्वतः शिवलेली, तोंडाला नाडी असलेली. संध्याकाळी पिशवी सोडून आपल्याच वेलाचं नरफूल त्यावर टेकवायचं आणि पुन्हा नाडी बांधायची. "लग्न आपण लावून दिलेलं बरं," त्या म्हणायच्या. "पतंगांवर सोडलं तर कुणाचं पोर घरात येईल सांगता येत नाही."

काटेरी कुंपणापलीकडे कुलूपकाका राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब. पुढच्या खोलीत बसून लोकांची कुलपं उघडून देतात, हरवलेल्या किल्ल्या घडवतात. वजन वाढलं म्हणून कोणीतरी त्यांना सकाळी दुधीचा रस प्यायला सांगितलं आणि ते ब्रह्मवाक्य त्यांनी धरून ठेवलं. कुंपणाच्या एका बसक्या जागेतून सासूबाईंनी रोज दुधी द्यायचा आणि काकांनी तो दोन्ही हातांनी घ्यायचा, हे इतकं ठरलेलं होतं की मी त्यावरून घड्याळ लावत असे. त्याची परतफेड म्हणून त्यांनी आपल्या बाजूला शोभेचे तुंबे लावले. दुधीचेच भाऊबंद, पण कमरेत बारीक, कवच टणक. एक वाळवून, कोरून, त्याचं पाखरांसाठी घर केलं आणि सासूबाईंना दिलं. घराला नखाएवढं दार, दाराला नखाएवढी कडी. पाखरं कडी लावून झोपणार होती की काय, देव जाणे! सासूबाईंनी ते तुतीला टांगलं.

पुढच्या हंगामात, इकडे दुधी आणि तिकडे तुंबे फुलावर असताना, सासूबाईंना ताप आला. साधा नव्हता. अंथरुणातून उठवून बसवायचं म्हटलं तर दोघं लागायची. मी रात्री-बेरात्री त्यांच्या छातीकडे बघत बसायचे, वर-खाली होतेय ना एवढंच बघायला. फुलांना पिशव्या कोण बांधणार! त्या उठल्या तेव्हा मांडवावर एकच दुधी पिकायला राहिला होता. सरळ, लांब, एकही डाग नाही. त्याचंच बी त्यांनी वाळवून ठेवलं.

तापातून त्या उठल्या त्या मवाळ होऊनच. माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवणं बंद. उलट पहिला घास मी घेईपर्यंत थांबायच्या आणि विचारायच्या, "कसं झालंय गं?" मी म्हणायचे, मीठ कमी पडलंय, की त्या लगेच, "हो, मलाही तेच वाटलं." मला वाटलं, मरणाच्या दारातून आल्यावर माणूस बदलतं. मी मनातून सुखावले होते, खोटं कशाला बोला.

या वर्षी नव्या बियांचे वेल मांडवावर चढले आणि पहिले दुधी उतरले. सकाळी सासूबाईंनी तीन कापले. तिन्हींच्या देठाकडची चकती काढून, चावून, नेहमीसारखं "ने" म्हटलं. एक लाँड्रीवालीला गेला, एक कुंपणावरून कुलूपकाकांना, एक माझ्या ओट्यावर आला.

मी तो दुपारच्या जेवणासाठी चिरायला घेतला. एक फोड सहज तोंडात टाकली, काकडी टाकावी तशी.

काय सांगू! जिभेवर कोणी निखारा ठेवावा तसं झालं. कडू म्हणजे असं कडू की घशाचं दार आपोआप बंद झालं. मी बेसिनमध्ये थुंकले, चूळ भरली, पुन्हा थुंकले. कडूपणा हलेना. कानशिलं गरम झाली.

"काय झालं?" सासूबाई पुदिन्याची जुडी घेऊन दारात उभ्या.

"कडू जहर आहे हा दुधी!"

"छट्. मी चाखलाय."

"तुम्हीच बघा मग."

त्यांनी ताटातली जाड फोड उचलली, तोंडात टाकली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी ती फोड चावली. शांतपणे, एकेक दात टेकवत चावली. भुवई हलली नाही, ओठ मुडपला नाही. आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. उत्तर माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असावं आणि त्यांनी ते वाचावं, तशा. वर्षभर त्या जेवताना माझ्याकडे असंच बघत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

"थुंका!" मी ओरडले. "आई, थुंका ते आधी!"

त्या थुंकल्या. बेसिनची कड धरली. पुदिन्याची जुडी खाली पडली.

"तुम्हाला चव लागत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "काकांनी रस घेतला असेल."

मी आधी लाँड्रीवालीला फोन लावला, कारण तिचं घर लांब होतं. ती हसतच सुटली. "काय मावशींनी दुधीची सोयरीक कारल्याशी लावली का या वर्षी? एक घास घेतला नि थुंकला! सगळं कचऱ्यात गेलं." मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मग काकांना फोन. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मागच्या अंगणात उभं राहिलं की त्यांच्या स्वयंपाकघरातून तो वाजताना ऐकू येत होता, आणि तेच जास्त भयंकर होतं.

मी पुढच्या दाराकडे धावले. कुलूपवाल्याचं दार ते! वर एक, मध्ये एक, खाली एक, सगळी स्वतः घडवलेली, आणि आतून लावलेली. मी दारावर मुठी आपटल्या. आतून काही नाही. तेवढ्यात घरामागून सासूबाईंची हाक आली.

त्या कुंपणात शिरल्या होत्या. त्या बसक्या जागेतून, रासबेरीच्या काट्यांतून, हात पुढे करून. बाही फाटत होती, ते त्यांच्या गावीही नव्हतं. "मागचं दार उघडं असतं त्यांचं," त्या म्हणाल्या. "नुसती कडी आहे, तीही बसत नाही." पुढच्या दाराला तीन कुलपं आणि मागच्या दाराला न बसणारी कडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण त्या दिवशी त्या अंधाराचे उपकार झाले. मीही त्यांच्यामागून शिरले. काटे केसांत, मानेत, पायांत. पिकलेल्या बेऱ्या अंगावर फुटून लाल डाग पडले आणि कुठला डाग बेरीचा नि कुठला रक्ताचा ते कळेना.

काका स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले होते, पाठ कपाटाला टेकवून. चेहरा मातीच्या रंगाचा, सदरा घामानं ओला. शेजारी बादली. बादलीत जे होतं त्यात लाल धागे होते. मिक्सरच्या भांड्यात तळाला हिरवा फेस, आणि ग्लास रिकामा.

"काही नाही," ते म्हणाले. आवाज विहिरीतून यावा तसा. "पोट जरा बिघडलंय. तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

मी रुग्णवाहिका बोलावली. सासूबाई त्यांच्याजवळ खाली बसल्या आणि त्यांचा हात धरला. काकांची मान मध्येच कलायची, तेव्हा त्या त्यांचा गाल थोपटायच्या आणि म्हणायच्या, "झोपायचं नाही. ऐकताय ना? झोपायचं नाही." निघताना त्या धावत घरी गेल्या आणि माझ्या ओट्यावरचा उरलेला दुधी पिशवीत घालून घेऊन आल्या. रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं होतं, तेव्हा त्यांनी तो टेबलावर ठेवला. "याचा रस प्यायलेत. कडू आहे. मी पाठवलेला." डॉक्टरीणबाई तो उचलून आत पळाल्या. कोणी पळायला लागलं की धीर यावा की सुटावा, मला अजून कळलेलं नाही.

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. समोरचं दार उघडायचं, बंद व्हायचं. उघडलं की दोघी अर्ध्या उठायचो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून."

"अहो, म्हणजे वर्ष होत आलं!"

"आधी वाटलं, येईल परत. साखर चाटली, काही नाही. मीठ चाटलं, काही नाही. मिरचीची आग तेवढी लागते. पुदिना चुरगाळून नाकाशी धरला, तर नुसता ओला पाला."

"सांगायचं तरी!"

त्यांनी फाटलेल्या बाहीचा एक दोरा ओढून काढला. "डोळे अधू झाले तेव्हा मी कारखान्यात सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "खडूची रेष नीट दिसत नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी मुकादमानं सगळ्यांदेखत माझी कात्री उचलून दुसरीच्या हातात दिली. मला बटणं मोजायला बसवलं. खरं बोलल्याचं बक्षीस ते. आता ही जीभ गेली म्हटलं तर मला कोण विचारणार? रोज सकाळी चकती तोंडात घालायचे आणि मनात म्हणायचे, आज फसणार. पण काही व्हायचं नाही, मग वाटायचं, आज निभावलं. उद्याचं उद्या."

मला त्यांचा राग आला होता. तोंडावर आलेलं मी गिळलं, कारण त्यांचे हात थरथरत होते, आणि ते हात थरथरताना मी पहिल्यांदाच बघत होते.

काका वाचले. सलाइनवर राहिले, अंगात रक्त भरावं लागलं, पण वाचले. मुलगी आली. माणसात आल्यावर आम्ही भेटायला गेलो, तेव्हा मी भोपळ्याचं सूप नेलं होतं. बाजारातल्या भोपळ्याचं, आधी स्वतः पिऊन पाहिलेलं.

"कडू होता हो," काका हसून म्हणाले. "पहिल्या घोटालाच कळलं. पण म्हटलं, मावशींनी चाखून दिलाय. माझंच तोंड कडू झालं असेल, पित्त झालं असेल. तुमच्या जिभेपुढे माझ्या जिभेचं काय घेऊन बसलात? डोळे मिटून संपवला."

सासूबाई उभ्या होत्या, त्या उभ्याच राहिल्या. "मी चाखला नव्हता," त्या म्हणाल्या. "मला चव कळत नाही. वर्ष झालं. मी नुसतं चाखायचं सोंग करत होते."

काकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यात आता ते नव्हते. त्यांनी हातातल्या सूपच्या वाटीकडे बघितलं. मग ती हळूच बाजूच्या टेबलावर ठेवली, पार कडेला, आपल्यापासून लांब. "मला जरा पडू द्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मांडव रिकामा केला. सगळेच वेल उपटले. त्यातले काही गोडही असतील, मी म्हटलं. "कुठले ते तू सांगशील?" त्या म्हणाल्या. "मी नाही सांगू शकत." काकांचे कडू तुंबे, पतंग, न बांधलेल्या पिशव्या, सगळा हिशोब त्यांना आता लख्ख दिसत होता. डब्यातलं बी त्यांनी चुलीत टाकलं. जुनं, नवं, सगळं एकाच डब्यात होतं. आईचं बी तिथे संपलं. त्या रडल्या नाहीत, पण त्या दिवशी त्या जेवल्याही नाहीत. पुढे कधीतरी कुंपणापलीकडे काका तुंब्याचे वाळके वेल ओढून काढताना दिसले. आमच्याकडे त्यांनी बघितलं नाही. ती बसकी जागा तशीच राहिली, आणि रासबेरीचे कोंब त्यातून वर यायला लागले.

सासूबाईंनी दुकानातून पाकीटबंद बी आणलं. काकड्या लागल्या तेव्हा पहिली काकडी माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "आता तू चाखायचं."

मला वाटलं होतं, त्यात काय एवढं! पण चकती तोंडात घेतली आणि मला खात्री वाटेना. ही गोड आहे ना? नक्की गोड आहे? की मला वाटतंय म्हणून गोड आहे? समोर त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत उभ्या. माझी भुवई जरा हलली की त्यांचा रंग उडायचा. इतकी वर्षं ही भीती त्या रोज एकट्या चावत होत्या आणि आम्ही त्यांच्या खाष्टपणावर विनोद करत होतो.

एके सकाळी कुंपणाशी खाकरण्याचा आवाज आला. काका उभे होते. बरेच वाळलेले, हातात फांद्या छाटायची कात्री. त्यांनी वाटेतले रासबेरीचे कोंब कापले होते. मग ते म्हणाले, "काकड्या दिसतायत. एक मिळेल का?"

सासूबाईंनी काकडी तोडली. देठाकडची चकती कापली. चकती जाड-पातळ निघाली. ती त्यांनी माझ्यापुढे केली. काका बघत होते, त्या बघत होत्या. मी चकती जिभेवर ठेवली, चावली. नाक कालपासून बंद होतं, डोकं जड होतं. तोंडात गार, ओलं काहीतरी होतं. त्यापलीकडे काही नाही. आणि माझ्या मनात आलं: म्हण "ने". पाकिटाचंच बी आहे, गोडच असणार. इतक्या महिन्यांनी माणूस दारात आलाय, त्याला मोकळ्या हातानं कसं पाठवायचं? शब्द ओठांपर्यंत आला होता. मी चकती थुंकून टाकली.

"मला सर्दी झालीय," मी म्हटलं. "आज मला चव लागत नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी मान डोलावली. "बरं. मग बरी झालीस की येतो," ते म्हणाले, आणि जाताना कापलेले कोंब गोळा करून घेऊन गेले.

सासूबाईंनी ती काकडी खताच्या खड्ड्यात टाकली. मग तिथेच उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून.

"मी एवढंच म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या. "नाही का गं?"